निळं खोकं, पांढरं खोकं

२ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

तीन दिवस फोन करतेय. तुम्ही उचलता, ‘हं, हं, बरं, पत्र लिही’ म्हणता आणि ठेवून देता. सुनेशी बोलायचा एवढा कंटाळा? असो, लिहिते.

काम आपल्या गाण्याच्या बाईंचं आहे. त्यांच्या घशात गाठ निघाली आहे. २४ तारखेला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण गाता येईल याची हमी देत नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘म्हणजे नाहीच येणार.’ चाळीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं, मैफली केल्या, पण कुठल्या कंपनीने त्यांची एकही रेकॉर्ड काढली नाही. आता त्यांना त्यांचं ते अठ्ठावीस मिनिटांचं गाणं एकदा सलग गाऊन ठेवायचंय. रेकॉर्डिंग २० तारखेला, आपल्याच स्टुडिओत. मशीनवर मी. तुम्ही निवृत्त झाल्यापासून एवढं मोठं काम मी एकटीने केलेलं नाही, त्यामुळे पोटात गोळा आलाय.

प्रश्न टेपचा आहे. बाजारात सध्या तीनच मिळतात. निळ्या खोक्यातली, आपली जुनी, जाड. पिवळ्या खोक्यातली पातळ, एका रिळावर पाऊण तास मावतो. आणि पांढऱ्या खोक्यातली, मागून काळी, मखमलीसारखी. तिन्ही थोडी थोडी कापून छोट्या रिळांवर गुंडाळून पाठवतेय. मशीन प्रत्येकीला नीट जुळवून घेतलं होतं. प्रत्येकीवर एकच आहे, मी म्हटलेल्या चार ओळी आणि मग एक मिनिट नुसती शांतता. माझ्या सुरांना हसू नका, शांतता ऐका. काय घेऊ ते कळवा.

तुमचे चिरंजीव बरे आहेत. दाढी वाढवलीय, शोभत नाही, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

तुमची,
सून

७ मार्च

आमच्या वकीलबाईंस, म्हणजे सूनबाईंस, आशीर्वाद.

दाढीबद्दल माझ्या बापाने मला सांगून पाहिलं होतं. उपयोग शून्य.

रिळं मिळाली. पिवळी परत कर. पातळ टेप गुंडाळून ठेवली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. बाई मध्ये थांबतात, श्वास घेतात, आणि त्या शांततेत त्यांची पुढची ओळ आधीच बारीक ऐकू यायला लागेल. गाणाऱ्याच्या आधी भूत गातंय असं वाटतं. बाईंचं गाणं थांबण्यात आहे. तिथं भूत नको.

राहिल्या दोन. निळी घे. तुझं शांततेचं मिनिट मी चारदा ऐकलं, निळीत हिसचा कण नाही, अगदी स्वच्छ. पांढरीत मात्र मागे सूऽऽ चालू आहे. निळीची दोन रिळं घे, एक हाताशी असू दे. टेप घासून जाते ती मशीनची डोकी सकाळी पुसून घे, माईक बाईंच्या ओठांच्या जरा वर धर, समोर नको. आणि गोळा पोटात ठेव, हातात येऊ देऊ नकोस.

बाईंना सांग, मी आठवण काढली.

बाबा

११ मार्च

ती. बाबांना,

पत्र वाचलं, आणि मशीनपाशी जाऊन परत ऐकलं. बाबा, उलटं आहे! पांढरी टेप चिडीचूप आहे आणि निळीत हिस आहे, अगदी ढळढळीत. मला वाटलं माझेच कान वाजतायत. तुमच्या चिरंजीवांना ऐकवलं, काही न सांगता. ते म्हणाले, निळी सूं सूं करतेय. खाली टायपिंगचं दुकान आहे, तिथल्या बाईंना वर बोलावलं, ज्यांचा गाण्याशी काडीचा संबंध नाही. त्यांनीही तेच सांगितलं.

चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली म्हणावं तर पांढरी मागून काळी असते, आंधळ्यालाही कळेल. मग काय? माझी परीक्षा घेताय का? लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला एकच गाणं दोन मशीनवर ऐकवून ‘फरक सांग’ म्हणाला होतात, ते आठवतंय मला. पण आता नऊ दिवस उरलेत आणि ही परीक्षेची वेळ नव्हे.

बाईंचा आवाज दर दिवसाला जड होतोय. काल बोलताना दोनदा थांबल्या. पण घाबरल्या नाहीयेत. म्हणाल्या, ‘आताचं बिघडलं तरी पंधरा वर्षांपूर्वीचं तुझ्या सासऱ्यांनी केलेलं आहेच की. तेव्हाचा माझा आवाज त्यांच्या कपाटात सुखरूप आहे.’ मी म्हटलं, आमच्या बाबांच्या कपाटाइतकी सुरक्षित जागा नाही.

कृपा करून लगेच लिहा. आणि कारण लिहा.

सून

१४ मार्च

सूनबाईस,

टायपिंगच्या दुकानातून मत मागवायची वेळ आली का आपल्या स्टुडिओवर? चाळीस वर्षं मी या कानांवर भाकरी खाल्ली. तू मशीनला हात लावलास तोच माझ्यासमोर.

परीक्षा वगैरे काही नाही. टेप नुसती एका मिनिटाच्या शांततेवर निवडायची नसते. ती पुढे किती वर्षं कशी राहील हेही बघायचं असतं. पण ते जाऊ दे, लांबण लागेल. निळी म्हटलं की निळी. वाद नको.

बाबा

२१ मार्च

ती. बाबांना,

झालं. काल दुपारी झालं.

पंखा बंद, दार बंद, टेबलावरचं घड्याळसुद्धा बाहेर नेऊन ठेवलं. बाई पावणेतीनला आल्या. घशाला मफलर होता, तो काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि म्हणाल्या, ‘एकदाच हं. दुसऱ्यांदा नाही जमणार मला.’ निळं खोकं मी त्यांच्या समोरच उघडलं होतं. मशीन चालू केलं, बोट दाखवलं, आणि त्यांनी सुरुवात केली.

पहिली पाच मिनिटं माझा जीव काट्यावरच. मशीनवरचा आवाजाचा काटा कुठे लाल रेघेत जातोय का, एवढंच बघत होते. मग हळूहळू ऐकायला लागले. बाबा, काय गायल्या! जड आवाज होता, पण त्या जडपणालाच कामाला लावल्यासारख्या गायल्या. विसाव्या मिनिटाला वरच्या सुरावर आवाज फाटला. मला वाटलं, थांबणार. माझा हात बटणावर गेला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हात मागे घेतला. तोच सूर त्यांनी परत घेतला, थोडा खालून, आणि पुढे गेल्या. शेवटी मला रडू आलं आणि मशीन बंद करायला अर्धं मिनिट उशीर झाला.

बाकी सविस्तर नंतर लिहीन. तीन दिवसांनी ऑपरेशन आहे, आज त्यांच्याकडे जायचंय.

सून

२६ मार्च

चि. सूनबाईस,

तुझं पत्र मी उभ्या उभ्याच वाचलं आणि मग बसून वाचलं. शाबास. हात मागे घेतलास ते फार चांगलं केलंस. मी असतो तर घाबरून बटण दाबलं असतं.

मागच्या पत्रात मी कडू बोललो. म्हाताऱ्याचा स्वभाव, औषध नाही. शेवटी निळंच खोकं उघडलंस ना, मग मी सुटलो. आता मला काळजी नाही.

ऑपरेशनचं काय झालं? बाई कशा आहेत?

बाबा

९ एप्रिल

ती. बाबांना,

उशीर झाला, रोज उद्या बरी बातमी लिहू म्हणून थांबत होते. गाठ काढली. बाई ठीक आहेत, हिंडतात फिरतात. आवाज गेला. नुसती हवा येते. डॉक्टर म्हणतात कुजबुज येईल सहा महिन्यांनी, त्याच्या पुढे नाही. पाटी-पेन्सिल घेऊन बसतात. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात दिलेली पाटी आता आपल्या हातात आली, असं त्यांनीच पाटीवर लिहिलं आणि हसल्या. मला हसता येईना.

विश्रांतीसाठी त्या तुमच्याच गावी, भाचीकडे गेल्यात. आणि एक गोष्ट त्यांनी ठरवली आहे. येत्या १९ ला, शनिवारी, चार वाजता त्या तुमच्याकडे येणार. पंधरा वर्षांपूर्वीचं रीळ ऐकायला. नवं रेकॉर्डिंग ऐकवू का विचारलं तर नकारार्थी मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, ‘आधी चांगला आवाज ऐकते, मग हा.’ तेव्हा रीळ काढून मशीनवर लावून ठेवा. भाची त्यांना सोडून जाईल. एकटीनेच ऐकायचंय म्हणतात.

त्या शनिवारकडेच डोळे लावून आहेत. दुसरं काही त्यांच्यापाशी राहिलं नाहीये.

सून

१२ एप्रिल

सूनबाई,

हे पत्र लिहायला मी दोन दिवस घेतले. पूर्ण वाच आणि मगच रागाव.

बाईंचं रीळ नाही. म्हणजे कपाटात आहे, पण त्यावर बाई नाहीत.

पंधरा वर्षांपूर्वी पांढऱ्या खोक्याची टेप नवीन निघाली होती. शांत, मऊ, सगळे तिच्यावर भाळले. मीही. बाईंचं गाणं मी तिच्यावरच घेतलं, आणि पुढची पाच-सहा वर्षं दुसरी टेप आणलीच नाही. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आठवण आली म्हणून बाईंचं रीळ काढलं आणि लावलं. आवाज दबका येत होता. मला वाटलं स्पीकर गेला. परत मागे घेतलं, परत लावलं. तरी तसंच. तिसऱ्यांदा लावलं आणि आरामात डोळे मिटून बसलो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दार ठोकायला लागले. म्हणाले, ‘अहो, तासभर काय किंचाळतंय तुमच्या घरात? कुणाचा जीव जातोय का?’

मी म्हटलं, काही नाही किंचाळत. ते माझ्याकडे बघतच राहिले.

मशीनच्या डोक्यांवर तपकिरी चिकट लेप साचला होता. ती टेप काही वर्षांनी चिकट होते. मशीनमधून जाताना अडकते, किंचाळते, आणि तिच्यावरचा थर खरवडून निघतो. म्हणजे आवाजच खरवडून निघतो. दुसऱ्या कुणीही पहिल्या किंकाळीला मशीन बंद केलं असतं. मी दोनदा पूर्ण चालवलं, तिसऱ्यांदाही लावलं, कारण मला ती किंकाळी ऐकूच येत नव्हती. चार वर्षं झाली, सूनबाई. बारीक, वरचे आवाज गेले. किटलीची शिट्टी येत नाही, चिमण्या येत नाहीत, फोनवर निम्मे शब्द येत नाहीत. तुझ्या निळीतला हिसही नाही आला आणि पांढरीतली शांतताही नाही. मी काहीच ऐकलं नाही. पांढरीचा वास घेतला. तोच जरा गोडसर, मेणासारखा वास, जो बाईंच्या रिळाला येतो. आणि ठरवलं की हिच्यावर घ्यायचं नाही.

पण कारण काय लिहिणार? वास सांगितला असता तर तू विचारलं असतंस, कुठलं रीळ, कसं कळलं. उगाच नाही तुला वकीलबाई म्हणत. म्हणून हिसचं खोटं लिहिलं, आणि अंदाजाने लिहिलं तेही नेमकं उलटं पडलं. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे म्हणून जिवाचा आटापिटा केला.

आणखी एक. नंतर एका जुन्या तंत्रज्ञाला, दुसऱ्याचं म्हणून, सहज विचारलं. तो म्हणाला, असलं रीळ चालवायचंच नसतं. आधी मंद उबेत काही तास ठेवायचं, मग एकदा नीट वाजतं, तेवढ्यात प्रत काढून घ्यायची. म्हणजे बाईंचा आवाज वाचला असता. मी आधी विचारलं असतं तर.

एवढाच आधार आहे की नवं गाणं निळ्यावर आहे. शनिवारी बाईंना काय सांगू ते मला सुचत नाही. ताप आलाय म्हणून कळवू का?

बाबा

१५ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र आज सकाळी आलं. गाणं निळ्यावर नाही. पांढऱ्यावर आहे.

निळं खोकं उघडलं हे खरं होतं. उघडलं आणि बंद केलं. मी ऐकत होते ना, हिस होता! तुमच्या शब्दावर माझे कान खोटे कसे पाडू? आणि तुम्हाला सरळ ‘ऐकलं नाही तुमचं’ असं लिहायची हिंमत नव्हती, म्हणून असं वाक्य लिहिलं की तुमचा गैरसमज व्हावा. झाला. तुम्ही ‘मी सुटलो’ लिहिलंत ते वाचून मला चोरट्यासारखं वाटलं, तरी गप्प बसले.

तुमच्यावर मी भयंकर चिडलेय. ऐकू येत नाही म्हणून नाही. एक ओळ, बाबा! ‘ही टेप पंधरा वर्षांत मरते’ एवढी एक ओळ लिहिली असतीत तर मी डोळे मिटून निळी लावली असती. वर माझ्याच कानांवर संशय घ्यायला लावलात. तीन रात्री मी झोपले नाही, वाटत होतं आपल्याला हे काम जमतच नाही. आणि माझंही चुकलं. बाईंना मी छातीठोक सांगितलं की आपल्या कपाटाइतकी सुरक्षित जागा नाही.

रडून झाल्यावर कामाला लागले. पांढरी टेप आज नवीन आहे, आज ठणठणीत वाजते. दुपारी दोन मशीनं जोडली आणि पांढरीवरून निळ्यावर प्रत काढली. अठ्ठावीस मिनिटं, दम रोखून. निळीचा हिस त्यात उतरला आहे, बाई थांबतात तिथे ऐकू येतो. त्याला इलाज नाही. दोन प्रती केल्या. एक इथे, एक या पत्रासोबत माणसाच्या हाती पाठवतेय, शुक्रवारी पोचेल.

ताप वगैरे काही आणू नका. बाई चार वाजता येतील. दार तुम्ही उघडायचं, आणि तुम्हीच सांगायचं. मग ही प्रत लावायची, त्यांनी हो म्हटलं तर.

सून

२० एप्रिल

चि. सूनबाईस,

सांगितलं.

बाई बरोबर चारला आल्या. नवीन साडी नेसून आल्या होत्या. मशीनवर रिकामी रिळं बघितली आणि बसल्याच नाहीत, माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी तोंडपाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, ‘बाई, तुमचं गाणं मी मारलं.’ मग किंकाळी, शेजारी, चिकट लेप, सगळं जसंच्या तसं. माझा बहिरेपणा मी माझ्या मुलालासुद्धा सांगितलेला नाही. तुला लिहिला तो कागदावर, तोंडाने आधी बाईंना सांगितला.

त्या खुर्चीत बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. हुंदका येत असेल तर मला ऐकू आला नाही, आणि त्यांच्या घशातून येतो का तेही मला माहीत नाही. मी तिथेच उभा राहिलो. आयुष्यात एवढा नालायक मी मला कधी वाटलो नव्हतो. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘मला गाता येत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही. चांगली जोडी जमली.’ मी वाचलं आणि लहान पोरासारखा रडलो. मग त्या उठून मला पाणी द्यायला लागल्या. माझ्या घरात, मला.

तुझी प्रत लावली. हो म्हणाल्या. विसाव्या मिनिटाला आवाज फाटला तिथे त्यांनी डोळे घट्ट मिटले, आणि सूर परत घेतला तिथे उघडले. मी त्यांचा चेहरा बघूनच ऐकत होतो म्हण ना. मध्ये त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘मागे सूऽऽ आहे.’ मी म्हटलं, मला नाही येत. ‘भाग्यवान,’ त्यांनी लिहिलं. संपल्यावर म्हणाल्या, म्हणजे लिहिलं, ‘परत लावा.’ दोनदा ऐकलं. जुन्याबद्दल परत एक शब्द नाही. जाताना दारात थांबून एवढंच लिहिलं, की सूनबाईला सांगा, हात मागे घेतलास, बरं केलंस.

तुझा राग मला मान्य आहे. तू चिडलीस म्हणून तर प्रत निघाली. मी चिडलो तेव्हा काहीच निघालं नव्हतं.

आता राहिलेलं. कपाटात पांढऱ्या टेपची आणखी त्रेचाळीस रिळं आहेत. त्यातले निम्मे गायक आता नाहीत. मी ती चालवलेली नाहीत, म्हणजे त्यांच्यावर आवाज अजून असेल. ऊब देणं, प्रती काढणं, ऐकणं, सगळं तुला करावं लागेल. निळी किती आणायची ते तू ठरव, माझं मत विचारू नकोस, आणि विचारलंस तर कारणासकट विचार. तू येईपर्यंत मी त्यांना हात लावणार नाही असं लिहिणार होतो. पण काल बाई गेल्यावर मी कपाटापुढे दोनदा जाऊन उभा राहिलो. एखादं लावून बघावंसं वाटलंच, आणि ते किंचाळलं तर मला कळणार नाही. म्हणून कपाटाला कुलूप लावलंय. किल्ली या पाकिटात घातली आहे.

बाबा